चौदा कान

आमच्या वहिनींच्या अंगाला मेंढीचा वास येतो, हे मी गेली तीस वर्षं त्यांच्या तोंडावर म्हणत आलो आहे. त्याही काही कमी नाहीत. मी मालगाडीचा गार्ड म्हणून जन्म काढला, तेव्हा तुमच्या अंगाला डिझेलचा वास येतो असं त्या मला ऐकवतात. जयपूरच्या झोटवाड्यातल्या आमच्या दुमजली घरात खाली त्या राहतात आणि वर मी आणि माझी बायको सुधा. रोज सकाळी जिन्यात हा वाद एकदा झाला की दोघांनाही दिवस सुरू झाल्यासारखं वाटतं.

रत्नप्रभा हे त्यांचं नाव. माझे थोरले भाऊ उत्तमराव यांची बायको. आमचे वडील अकोल्याहून मीटरगेजच्या गाडीने जयपूरला आले ते पॉइंट्समन म्हणून. बदली दोन वर्षांची होती, पण पुढे दोन्ही मुलं रेल्वेतच लागली आणि अकोला लग्नकार्यापुरतं उरलं. वहिनी मूर्तिजापूरच्या. बारावी सायन्स झालेली सून घरात आली म्हणून वडिलांना कोण अभिमान. तिने नर्स व्हावं असं त्यांना वाटायचं. ती झाली पशुधन सहायक, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरच्या हाताखालचा माणूस. आमेरच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी सरकारी उपकेंद्र होतं. एक खोली, एक कपाट, अंगणात जनावर अडकवायचा लोखंडी खोडा. तिथे त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली. डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे, तेही आले तर. बाकी सगळं वहिनीच. पहिली दोन वर्षं मी डॉक्टर नाही, मी डॉक्टर नाही, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. मग दमल्या. लोकांनीही मधला मार्ग काढला आणि त्यांना बहनजी म्हणायला लागले.

भाऊ जाऊन आठ वर्षं झाली. तेव्हापासून वहिनींना आमेरला पोचवायचं काम माझ्याकडे आलं. त्यांचे गुडघे गेलेत आणि स्कूटर त्यांना कधी जमली नाही. बस होती, पण बस मोठ्या रस्त्याला सोडते आणि वाड्यावस्त्या, तिकडच्या भाषेत ढाण्या, आत तीन-चार किलोमीटर. मी रिटायर झालेलो, घरात बसून सुधाचं डोकं खाण्यापेक्षा हे बरं, असं दोघींनी मिळून ठरवलं. मला विचारलं नाही. त्यामुळे मला मेंढ्यांमधलं कळतं ते एवढंच, की दुरून बघावं आणि नाकाला रुमाल लावावा.

आषाढ लागला की वहिनींचा एक ठरलेला फेरा असायचा. ढाणीढाणीत जाऊन त्या माशीवर व्याख्यान द्यायच्या. साधी घरातली माशी नव्हे, हिरवी, चमकणारी. ओल्या, शेणाने बरबटलेल्या लोकरीवर किंवा कुठल्याही जखमेवर ती अंडी घालते. दिवसभरात अळ्या होतात आणि त्या जिवंत मांस खात आत जातात. मेंढी ओरडत नाही. नुसती पाय आपटते, मान झटकते, कळपापासून बाजूला जाऊन उभी राहते आणि चार-पाच दिवसांत मरते. म्हणून पावसाआधी लोकर कातरून घ्या, निदान शेपटीभोवतीची आणि मांड्यांवरची तरी. पातळ हगणाऱ्या मेंढीला जंताचं औषध द्या. रोज एकेक मेंढी नजरेखालून घाला. हे सगळं सांगून झालं की बोट वर करून शेवटचं वाक्य यायचं, "आषाढ ते दिवाळी मेंढीला भोक पाडायचं नाही." खच्चीकरण नाही, शेपूट छाटणं नाही, कानाला काही टोचणं नाही. जखम म्हणजे माशीला धाडलेलं आमंत्रण, असं त्या म्हणायच्या. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत विचारलं तरी सांगेन.

लोक ऐकायचे आणि निम्मं करायचे. लोकर आता कोणी विकत घेत नाही, कातरणाराच उलट मजुरी मागतो, मग कशाला कातरा, असं म्हणायचे. वहिनी चिडायच्या. मग अळ्या पडल्या की तेच लोक फोन करायचे आणि वहिनी पिशवी उचलून निघायच्या. असं एकतीस आषाढ चाललं. गेल्या काही वर्षांत त्या चिडायच्याही बंद झाल्या होत्या. दमल्या होत्या, दुसरं काही नाही. व्याख्यान तेच, पण त्यातला जीव गेला होता आणि हे त्यांचं त्यांनाही कळत होतं.

त्या एकतीस जुलैला रिटायर झाल्या. चौदा ऑगस्टचं पुण्याचं तिकीट काढलेलं होतं. मुलगा प्रबुद्ध तिथे कंपनीत आहे, त्याने आईसाठी वेगळी खोली ठेवली आहे. सगळं मार्गी लागलं होतं. राहिलं होतं ते फक्त टॅगिंगचं रजिस्टर.

प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा टॅग मारायचा, त्यावर नंबर असतो, तो रजिस्टरात उतरवायचा. वहिनींच्या हद्दीतले सगळे कळप झाले होते, एक सोडून. कजोडमलचा कळप चारणीला हरियाणाच्या बाजूला गेलेला होता, तो जुलैच्या मध्यावर परत आला. त्रेसष्ट मेंढ्या. कोणी वहिनींना घाई करत नव्हतं. नवीन माणूस येईल तो दिवाळीनंतर करेल, असं वरच्या कार्यालयानेही सांगितलं होतं. पण रजिस्टराची शेवटची दोन पानं कोरी ठेवून जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. आपल्या हातचं आपल्या हाताने पुरं व्हावं, एवढंच.

एकोणतीस जुलैला मी त्यांना कजोडच्या ढाणीवर घेऊन गेलो. हवा दमट, पावसाची बुरबुर चालू. वहिनी हातात टॅगचा चिमटा घेऊन बराच वेळ कुडाला टेकून उभ्या होत्या. मेंढ्यांकडे बघत होत्या. आता वाटतं, तेव्हा त्यांच्या मनात आपलंच वाक्य आलं असणार. मी काय केलं असेल? मी स्कूटरचा हॉर्न वाजवला. म्हणालो, वहिनी, आटपा, पाऊस येतोय. त्यांनी पहिली मेंढी धरली.

टॅग मारला की कानाला लावायचं मलम त्यांच्याकडे अर्धी ट्यूब होतं. वीसेक मेंढ्यांत ते संपलं. त्या कजोडला म्हणाल्या, उद्या दुसरी ट्यूब घेऊन येते. दुसऱ्या दिवशी पेन्शनच्या कागदांवर सह्या होत्या. तिसऱ्या दिवशी निरोपसमारंभ. चौथ्या दिवशी त्या इतक्या झोपल्या की सुधाला दोनदा खाली जाऊन बघून यावं लागलं. ट्यूब राहिली ती राहिलीच.

पाच ऑगस्टला कजोडचा फोन आला. कानांत किडे पडलेत, दोन कोकरं गेली, बहनजी, तुम्ही आता नोकरीत नाही ठाऊक आहे, पण या. मी वहिनींना म्हटलं, आता तुमचा काय संबंध? त्या उठल्याच. बाजारातून स्वतः तारपीन तेल, लाल औषध, मलमाच्या सहा ट्यूबा आणि इंजेक्शनच्या बाटल्या घेतल्या आणि स्कूटरवर मागे येऊन बसल्या.

कजोडच्या घराची थोडी माहिती द्यायला हवी. तो साठीचा, शांत, उंच, तोंडात कायम विडी पण बहुतेक वेळा विझलेली. बायको धापू, तोंडाळ पण हाताची सढळ. मुलगा विश्वकर्मा नावाच्या औद्योगिक क्षेत्रात लोखंडाच्या वर्कशॉपमध्ये, तो रविवारी येतो. मेंढ्या चारायला नेते ती सून, मनभर. बावीस-तेवीस वर्षांची असेल. हनुवटीपर्यंत पदर. सासऱ्याशी सुनेने बोलायचं नाही अशी तिकडची रीत, त्यामुळे सासऱ्याला काही सांगायचं असलं की ती मेंढीला सांगायची. "अगं, तुझं पाणी संपलंय बरं का," असं मेंढीला म्हटलं की कजोड उठून बादली उचलायचा. मला याची फार गंमत वाटायची.

आम्ही पोचलो तेव्हा चौदा मेंढ्या वेगळ्या बांधलेल्या होत्या. माना वाकड्या, कान सुजून लोंबलेले. वास असा की मी रुमाल काढला आणि लिंबाखाली जाऊन उभा राहिलो. कजोडने आधी मुलाच्या वर्कशॉपमधलं जळकं ऑइल कानांत ओतून पाहिलं होतं, त्याने कातडी आणखी सोलवटली होती. धापू मोठमोठ्याने बोलत होती. सगळा दोष या पोरीचा, हिने मेंढ्या झाडबेरीच्या, म्हणजे रानबोरीच्या, काट्यांतून नेल्या, कान फाटले, रोज बघ म्हणून सांगितलं तर बघितलं नाही. मनभर एका मेंढीचं डोकं गुडघ्यांत धरून खाली बसली होती.

वहिनींनी पहिला कान हातात घेतला. कात्रीने भोवतीचे केस काढले. कापसाचा बोळा तारपीन आणि गोड्या तेलात बुडवून जखमेत दाबून धरला. हवा बंद झाली की अळ्या आपोआप वर येतात, मग चिमट्याने एकेक उचलून रॉकेलच्या डब्यात टाकायची. जमिनीवर टाकली तर ती मातीत शिरते आणि तिची पुन्हा माशी होते. एरवी हे सगळं करताना वहिनी बोलत असायच्या. समोरच्याला शिकवत, रागावत, मेंढीची समजूत काढत. त्या दिवशी पहिला कान धुऊन झाला आणि त्या गप्प झाल्या. दुसरा कान बघितला, तिसरा बघितला. मग कजोडला विचारलं, यांचे टॅग कुठे?

कजोड म्हणाला, काट्यांत अडकून गळून पडले असतील.

चौदाच्या चौदा कानांतले टॅग गळून पडले होते. बाकी एकोणपन्नास मेंढ्यांपैकी दोन कोकरं मेली होती, उरलेल्या सत्तेचाळिसांच्या कानांत टॅग जागच्या जागी. वहिनींनी मान खाली घातली आणि काम करत राहिल्या. दुपार झाली. धापूने चहा दिला. चहा देतानाही तिचं चालूच होतं. काल आम्ही हिच्या बापाला ओळमा दिला, म्हणाली.

ओळमा म्हणजे तक्रार, ठपका. सुनेच्या हातून काही बिघडलं की तिच्या माहेरी निरोप जातो, तुमच्या मुलीने असं असं केलं. बापाने मान खाली घालायची, येऊन माफी मागायची, पोरीला चारचौघांत बोलायचं. मनभरचा बाप चौमूंच्या मंडीत भाजीच्या गोण्या उचलतो. त्याला फोन गेला होता. रविवारी तो येणार होता. तोपर्यंत पोरीने माहेरी फोन करायचा नाही, असं ठरलं होतं.

वहिनींनी चहा संपवला. चौदा कान झाले, इंजेक्शनं दिली, उद्या पुन्हा येते म्हणाल्या. परतीच्या वाटेवर आमेरच्या अलीकडे त्यांनी मला स्कूटर थांबवायला सांगितली. उतरल्या आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या. मला वाटलं गुडघा.

"भाऊजी, काटा नाही तो," त्या म्हणाल्या. "काट्यानं कान फाटते. हे भोक आहे, गोल. माह्या हातचं आहे."

मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा मी जे बोललो त्याची मला आज लाज वाटते, पण सांगतो. मी म्हणालो, वहिनी, झालं ते झालं. तुम्ही मुद्दाम केलं नाही. मेंढ्या वाचतील. चौदा तारखेला तुम्ही पुण्याला चाललात. सांगून काय मिळणार? उद्या नवीन माणूस येईल, त्याला हे लोक टॅग मारू देणार नाहीत, लस टोचू देणार नाहीत. एकतीस वर्षं लोकांना अक्कल शिकवलेल्या बाईने शेवटच्या आठवड्यात हे केलं, हे तिकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतील. आणि सुनांना काय, बोलणी बसतातच. रविवारी तिचा बाप येईल, चार शब्द होतील, सोमवारी विसरतील.

हे मी पटापट बोललो. बोलता बोलता मलाच ते पटत गेलं. वहिनी ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "मी लय दमली, भाऊजी." आणि येऊन स्कूटरवर बसल्या. मी समजलो, पटलं.

संध्याकाळी त्यांनी जेवण नको म्हणून सांगितलं. सुधाने मला विचारलं, काय झालं? मी म्हटलं, उन्हाने. दिवसभर ढग होते.

दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायला आम्ही पुन्हा गेलो. मनात म्हटलं, आज आणि उद्या, मग सुटलो. चौदापैकी बारा मेंढ्या चरायला लागल्या होत्या. दोघी अजून मान टाकून होत्या, पण त्यांच्याही कानांतला वास कमी झाला होता. मनभर एकेक मेंढी आणून गुडघ्यांत डोकं धरत होती. तिच्यासारखं डोकं धरणारं कोणी मी पाहिलं नाही. मेंढी हलायची नाही. वहिनी कान उघडून बघत होत्या, उरलीसुरली अळी काढत होत्या, लाल औषधाने धुऊन मलम भरत होत्या. सहावी मेंढी झाली. धापू मागे पोळ्या भाजत होती आणि तिथूनच रविवारच्या तयारीबद्दल कजोडशी बोलत होती. बाप येईल तेव्हा कोणाकोणाला बोलवायचं, हे चाललं होतं.

वहिनींनी चिमटा खाली ठेवला आणि कजोडला हाक मारली. धापूलाही बोलावलं. हे पुढचं त्यांनी त्यांच्या खिचडी भाषेत सांगितलं, थोडी हिंदी, थोडी तिकडची ढुंढाडी, मधूनच मराठी. मी सरळ करून सांगतो.

"हे किडे काट्यांमुळे पडलेले नाहीत," त्या म्हणाल्या. "मी टॅग मारले त्या भोकांत पडले. या दिवसांत भोक पाडू नका असं मीच तुम्हाला सांगत आले. माझं मलम संपलं तेव्हा मी थांबायला हवं होतं. उद्या येते म्हणाले आणि आले नाही. चूक माझी आहे. दोन कोकरं माझ्यामुळे गेली. मनभरचा यात काही संबंध नाही. हे काल मला कळलं होतं, पण मी काल बोलले नाही."

धापू हातातल्या पिठासकट उभी राहिली. आता हा माणूस शिव्या देईल, पिशवी फेकून देईल, असं वाटत होतं. कजोडने तोंडातली विडी काढली. तो आत गेला आणि डोळ्यांत घालायच्या सुरम्याचा एक जुना डबा घेऊन आला. डबा वहिनींच्या पुढ्यात उघडला. आत पिवळे टॅग होते. चौदा.

"बहनजी, मेंढीचा कान मी तुमच्याआधीपासून बघतोय," तो म्हणाला. "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तुम्हाला फोन करण्याआधी मी ते कापून काढले. तुम्ही माझ्या बापाच्या वेळेपासून या दारात येता. जाताना तुमच्या नावाला बट्टा नको. तुम्हाला कळूच नये असं वाटत होतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. केवढा मोठा माणूस, असं मनात आलं. वहिनींनी तोंडावर पदर घेतला. कजोडही खाली बघत होता. आम्ही तिघं म्हातारी माणसं एकमेकांच्या चांगुलपणाने पार विरघळून गेलो होतो. त्या घटकेला सगळं मिटलं असंच मी धरून चाललो.

मनभरने मेंढीचं डोकं सोडून दिलं. मेंढी उठून पळाली. मनभर उभी राहिली. पदर तसाच हनुवटीपर्यंत होता, आवाज मात्र स्वच्छ. ती वहिनींकडे तोंड करून बोलली, पण मेंढीशी बोलायची तशी नाही.

"बहनजी, यांना विचारा. यांना माहीत होतं, तर माझ्या बापाला फोन का केला?"

धापू नवऱ्याकडे बघत होती. तिला हे खरंच ठाऊक नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. कजोडने डबा बंद केला, पुन्हा उघडला. दोष कुठेतरी बसवायलाच हवा होता, आणि घरात बसवायला सगळ्यात सोपी जागा होती ती ही मुलगी. त्याने तेवढाही विचार केला नसेल. तिचं नाव आपोआपच तोंडात आलं असेल. काल त्या दगडापाशी माझ्याही तोंडात तसंच आलं होतं.

"आणि तुम्हाला काल कळलं होतं," मनभर वहिनींना म्हणाली. "काल तुम्ही इथे बसून चहा पिऊन गेलात."

वहिनी म्हणाल्या, "हो."

"मग आता माझ्या बापूला फोन लावा. तुम्ही बोला. इथेच, सगळ्यांसमोर."

वहिनींचे हात तारपीन आणि मलमाने भरलेले होते. कजोडने नंबर सांगितला, मी माझ्या फोनवरून लावला आणि स्पीकर चालू करून त्यांच्या तोंडापुढे धरला. पलीकडे मंडीचा गलका होता, कोणीतरी भाव ओरडत होतं. मनभरच्या बापाने घाबऱ्या आवाजात विचारलं, कोण? वहिनींनी नाव सांगितलं, उपकेंद्राचं नाव सांगितलं. मग तेच पुन्हा सांगितलं जे इथे सांगितलं होतं, एक शब्द कमी न करता. भोक, मलम, उद्या येते म्हणून न येणं. तुमच्या मुलीची चूक नाही, माझी आहे. त्यांचा आवाज अगदी सपाट होता, रजिस्टर वाचून दाखवल्यासारखा. तो तसाच ठेवणं त्यांना भाग होतं, मला कळलं. जरा वर गेला असता तर फुटला असता.

मग तो माणूस बोलला. त्याचा आवाज आता वेगळाच होता.

"परवा मी तिला फोनवर म्हणालो, यापुढे मला तोंड दाखवू नकोस. ती रडत होती, मी ऐकलं नाही. आता मी तिला काय सांगू, बहनजी?"

लोक आजवर वहिनींना काय काय विचारत आले होते. मेंढी का पाय आपटते, कोकरू दूध का पीत नाही, लस कधी, औषध किती. त्या तिथल्या तिथे उत्तर द्यायच्या.

"मला नाही माहीत," त्या म्हणाल्या. "ती इथेच आहे. तिच्याशीच बोला."

मनभरने हात ओढणीला पुसले. माझ्या हातातून फोन घेतला, स्पीकर बंद केला आणि काटेरी कुंपणापर्यंत जाऊन आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. धापू दोन पावलं पुढे गेली आणि थांबली. कजोड डबा मांडीवर घेऊन बसून राहिला. वहिनींनी चिमटा उचलला, पण सातवी मेंढी आणायला कोणी उठलं नाही.

तिकडे बाप बोलत असावा. मनभर हूं म्हणाली नाही, की चूं म्हणाली नाही. एकदा तिने फोन कानापासून दूर धरला, मला वाटलं आता ठेवणार. तिने हात बदलला, फोन दुसऱ्या कानाला लावला आणि तशीच उभी राहिली.